‘आम्ही मत देत नाही’

हिंजवडीतल्या किंवा पवईतल्या एखाद्या कंपनीत सात-आठ वर्षे मन लावून काम केलेला माणूस दुसरीकडे अर्ज करतो. नवी कंपनी पडताळणीचे काम एका बाहेरच्या संस्थेकडे सोपवते आणि ती संस्था जुन्या कंपनीच्या एचआर विभागाला ईमेल पाठवते. उत्तरात चार गोष्टी येतात: नाव, हुद्दा, रुजू झाल्याची तारीख, नोकरी सोडल्याची तारीख. खाली एक ओळ असते, की कंपनीच्या धोरणानुसार माजी कर्मचाऱ्यांच्या कामाबद्दल मत दिले जात नाही. त्याने काय उभारले, कोणत्या अडचणीतून काम बाहेर काढले, हाताखालच्या किती जणांना शिकवून तयार केले, याचा त्या उत्तरात मागमूस नसतो.

हे धोरण आता इतके रुळले आहे की ते धोरण आहे, कोणीतरी कधीतरी केलेली निवड आहे, हेच विसरले गेले आहे. कंपन्यांचे वकील ते सुचवतात, व्यवस्थापनाच्या वर्गांत ते शिकवले जाते आणि एचआरमधली मंडळी ते शहाणपणाची पहिली पायरी मानतात. माझ्या मते त्याला कायद्याचा आधार फार थोडा आहे, न्यायाचा त्याहून थोडा, आणि ज्या तटस्थपणाच्या नावाखाली ते चालते तो तटस्थपणा त्यात नाहीच. हे मी सिद्ध करू पाहतो. पण आपल्याकडच्या वादपद्धतीत पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हा दोष मानतात, आणि इथला पूर्वपक्ष मुळात दुबळा नाही.

तो असा. पहिली गोष्ट कायद्याची. वाईट लिहिले तर माजी कर्मचारी बदनामीचा दावा लावील. चांगले लिहिले आणि माणूस खोटा निघाला तर नवा मालक जाब विचारील. गप्प राहिले तर दोघांचेही काही चालत नाही. दुसरी गोष्ट न्यायाची. एका वरिष्ठाचा आकस माणसाच्या मागे जन्मभर का लागावा? सर्वांना सारखाच चार ओळींचा कागद दिला की पक्षपाताला जागा उरत नाही. तिसरी गोष्ट इतिहासाची. मालकाने लिहिलेला शेरा ही कामगाराच्या पायातली बेडी होती, याचे पुरावे आहेत. फ्रान्समध्ये १८०३ पासून कामगाराला एक पुस्तिका बाळगावी लागे. ती मालकाच्या ताब्यात राही, आणि मालकाने हिशेब मिटल्याची नोंद करून ती परत दिल्याशिवाय कामगाराला दुसरीकडे काम मिळणे कठीण होई. ती पद्धत पूर्णपणे रद्द व्हायला १८९० साल उजाडावे लागले. आणि चौथी गोष्ट, शिफारसपत्रांना तसाही अर्थ राहिलेला नाही. सगळेच सगळ्यांची स्तुती करतात. ‘मजकूर तूच लिहून आण, मी सही करतो,’ असे सांगणारे मार्गदर्शक आपल्या विद्यापीठांत प्रत्येकाने पाहिले आहेत.

या चारही मुद्द्यांत तथ्य आहे. त्यातून निघालेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

कायद्यापासून सुरुवात करतो, कारण धोरणाचा सगळा भार त्याच्यावर आहे. माजी नोकराबद्दल मालकाने बोलावे की नाही, हा प्रश्न इंग्रजी न्यायालयांसमोर अठराव्या शतकापासून आहे. तेव्हा तो घरगड्यांच्या आणि मोलकरणींच्या संदर्भात येई. १७८६ मध्ये लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे असा दावा आला, की जुन्या धन्याने नव्या धन्याला पत्र लिहून आपल्याबद्दल वाईट सांगितले. मॅन्सफिल्ड यांनी तो मानला नाही. धन्याने द्वेषबुद्धीने लिहिल्याचे दाखवता आले नाही, तर त्याच्यावर दावा चालत नाही, असे त्यांनी ठरवले. त्यानंतर १८०० साली लॉर्ड केनियन यांनी सांगितले, की नोकराला दाखला देण्याचे कायदेशीर बंधन धन्यावर नाही. आजच्या धोरणाचे मूळ या दुसऱ्या निवाड्यात आहे. त्याचे स्मरण सर्वांना असते, पहिल्याचे कोणाला नसते. प्रामाणिकपणे बोलणाऱ्याला कायद्याने संरक्षण आधी दिले. गप्प राहण्याची मुभा त्याच्या चौदा वर्षांनंतर आली.

भारतातही हेच संरक्षण आहे, आणि ते लेखी आहे. भारतीय दंड संहितेच्या ४९९ व्या कलमाने बदनामीची व्याख्या करताना दहा अपवाद सांगितले. नववा अपवाद स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेल्या विधानाचा. त्याखाली दिलेले उदाहरण एका दुकानदाराचे आहे. तो आपल्या व्यवस्थापकाला बजावतो, की अमक्याला रोख घेतल्याशिवाय माल देऊ नको, त्याच्या सचोटीची मला खात्री नाही. सद्भावनेने असे सांगितले असेल तर तो गुन्हा ठरत नाही. दहावा अपवाद, ज्याला सांगायचे त्याच्या भल्यासाठी दिलेल्या सावधगिरीच्या सूचनेचा. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही हे अपवाद कायम आहेत. नवा मालक विचारतो, जुना मालक माहीत असलेले सावधपणे आणि प्रामाणिकपणे सांगतो, हा व्यवहार या अपवादांत अगदी सरळ बसतो. एचआरच्या परिपत्रकांत बदनामीच्या कलमाचा धाक असतो, त्याच्या अपवादांचा उल्लेख मी तरी कधी वाचलेला नाही.

वकील यावर १९९४ च्या एका निवाड्याकडे बोट दाखवतील. तो निवाडा नीट वाचण्यासारखा आहे. स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अ‍ॅश्युरन्स. विमा-विक्रीच्या व्यवसायातल्या एका माणसाची नोकरी गेली आणि तो दुसऱ्या विमा कंपनीत प्रयत्न करू लागला. त्या क्षेत्राच्या नियामक संस्थेचा नियम होता, की जुन्या कंपनीकडून माहिती घेतल्याशिवाय नेमायचे नाही. जुन्या कंपनीने लिहून दिले, की या माणसाकडे सचोटी जवळजवळ नाही आणि त्याला प्रामाणिक म्हणता येणार नाही. त्याला कोणी उभे करीना. खटल्यात असे निघाले, की लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष नव्हता, पण त्याने हाताशी असलेली माहिती तपासण्याची काळजीही घेतली नव्हती. हाउस ऑफ लॉर्ड्सने चार विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले, की माजी कर्मचाऱ्याबद्दल लिहिताना वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य मालकावर आहे.

एकटे लॉर्ड कीथ विरोधात होते. त्यांची भीती अशी, की निष्काळजीपणासाठी जबाबदार धरले जाणार म्हटल्यावर माणसे मोकळेपणाने लिहिणार नाहीत. आजच्या धोरणाचे सर्वांत प्रामाणिक समर्थन मला त्यांच्या या मतात सापडते, आणि कंपन्यांनी पुढे जे केले त्यावरून त्यांचे भाकीत खरे ठरले असेही कोणी म्हणेल. पण बहुमताने या भीतीला उत्तर दिले होते. लॉर्ड लोरी यांचे म्हणणे थोडक्यात असे: एका पारड्यात एका माणसाच्या पोटापाण्याचे जवळजवळ निश्चित नुकसान आहे आणि दुसऱ्यात काही लिहिणारे कचरतील एवढी शक्यता. यातले जड पारडे कोणते, हे सांगायला कायद्याचे शिक्षण लागत नाही. आणि न्यायालयाने मागितले तरी काय होते? लिहिण्यापूर्वी फाईल उघडून बघा, एवढेच. त्यावर कंपन्यांनी फाईल उघडण्याऐवजी लिहिणेच बंद केले. निवाड्याने सांगितलेली काळजी एकीकडे राहिली आणि निवाड्याच्या नावाने पाळलेले मौन तेवढे रूढ झाले.

अमेरिकेतही तेच घडले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एका शाळेच्या प्रकरणात निकाल दिला. एका शिक्षकाविरुद्ध मुलींशी गैरवर्तनाच्या तक्रारी होत्या. त्या दडवून जुन्या शाळांच्या अधिकाऱ्यांनी त्याला भरभरून शिफारसपत्रे दिली, आणि नव्या शाळेत तेरा वर्षांची एक मुलगी त्याला बळी पडली. न्यायालयाने खोट्या स्तुतीला जबाबदार धरले. खोटी स्तुती करू नका, हा त्याचा सरळ अर्थ. वकिलांनी काढलेला अर्थ मात्र काहीच लिहू नका, असा होता. प्रामाणिक माहिती देणाऱ्या मालकाला संरक्षण देणारे कायदे तिथल्या बहुसंख्य राज्यांनी केले, तरीही मौन सुटले नाही. यावरून मला वाटते, की कायद्याची भीती हे या मौनाचे खरे कारण राहिलेलेच नाही. एकदा लागलेली सवय आणि माणूस गेल्यावर त्याच्याशी संबंध संपला असे मानण्याची वृत्ती, ही खरी कारणे आहेत.

या मौनाची किंमत कुठवर जाते? चार्ल्स कलेन हा परिचारक न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियातल्या एकामागून एक रुग्णालयांत सुमारे सोळा वर्षे काम करत होता आणि रुग्णांना औषधांचे घातक डोस देऊन मारत होता. एकाहून अधिक ठिकाणी त्याचा संशय आला. तो बाहेर पडला किंवा त्याला बाहेर काढले गेले. पुढच्या रुग्णालयाला मात्र तो काय प्रकारचा माणूस आहे हे कोणी नीट सांगितले नाही. डिसेंबर २००३ मध्ये तो पकडला गेला. २००५ मध्ये न्यू जर्सीने कायदा केला. दुसऱ्या रुग्णालयाने विचारले तर माजी कर्मचाऱ्याच्या रुग्णसेवेशी संबंधित कामाची खरी माहिती दिलीच पाहिजे, आणि सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल कोणावर दावा चालणार नाही, असे त्यात आहे. ब्रिटनच्या बँकांची गोष्ट इतकी भीषण नाही, पण धडा तोच. व्याजदरांच्या घोटाळ्यानंतर लक्षात आले, की एका बँकेतून गैरवर्तनामुळे गेलेला माणूस दुसरीत निवांत रुजू होतो. मार्च २०१७ पासून तिथल्या नियामकाने बँकांना आणि विमा कंपन्यांना बंधन घातले, की महत्त्वाच्या पदांवरच्या माणसांबद्दल मागच्या सहा वर्षांची माहिती ठरलेल्या नमुन्यात द्यावीच लागेल. दाव्यांना सर्वांत जास्त घाबरणारे हे क्षेत्र. तिथे मौन सोडता येते, तर बाकीच्यांना न सोडण्याचे कारण काय?

कलेनचे उदाहरण टोकाचे आहे, हे कबूल. नोकरी सोडणारी बहुतेक माणसे साधी, बऱ्यापैकी काम करणारी असतात. माझा खरा आक्षेप त्यांच्याच बाजूने आहे.

तटस्थ धोरणामागे एक गृहीतक आहे, की कंपनीने मत दिले नाही तर मत दिलेच जात नाही. प्रत्यक्षात काय होते ते या क्षेत्रात वावरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एचआरकडून चार ओळी आल्या, की नेमणूक करणारा व्यवस्थापक मोबाईल काढतो. जुन्या कंपनीत त्याचा कॉलेजचा मित्र असतो, बायकोचा भाऊ असतो, आधीच्या नोकरीतला सहकारी असतो. ‘अरे, तुमच्याकडे अमुक होता ना? कसा आहे?’ पलीकडून येते, ‘हुशार आहे रे, पण…’ त्या ‘पण’नंतर जे बोलले जाते त्याची कुठे नोंद नसते. उमेदवाराला ते कळत नाही. ते चुकीचे असले, तर दुरुस्त करण्याची संधी त्याला मिळत नाही. त्याला फक्त ‘आपण कळवू’ असे सांगितले जाते आणि कोणी कळवत नाही. कंपनीचे धोरण पाळले गेलेले असते, मतही पोहोचलेले असते, आणि त्याची जबाबदारी मात्र कोणावर नसते.

शिवाय हा फोन कोणाबद्दल चांगला जातो? ज्याच्या ओळखी आहेत त्याच्याबद्दल. पुण्यातल्या नावाजलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून आलेल्या, वडील याच उद्योगात असलेल्या मुलासाठी चार जण शब्द टाकतात. नंदुरबारहून आलेल्या, घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीसाठी शब्द टाकणारे कोणी नसते. तिच्याजवळ तिने केलेले काम असते, तेवढेच. ते काम ज्या एका कागदावर दिसू शकले असते, तो कागद कंपनीने धोरण म्हणून कोरा ठेवला. सर्वांना सारखाच कोरा कागद दिला म्हणजे सर्वांना सारखे वागवले, हा युक्तिवाद इथे कोसळतो. ज्याला कागदाची गरज नव्हती त्याचे काही बिघडले नाही. ज्याला कागदाशिवाय दुसरे काही नव्हते त्याचे सगळे गेले.

मुंबईने हे आधी भोगलेले आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात होती. कोणता माणूस कसे काम करतो याची गिरणीकडे धड नोंद नसे, जॉबरला ते माहीत असे. त्यामुळे तो आपल्या गावचे, आपल्या नात्यातले, आपल्याला दस्तुरी देणारे लोक घेई, आणि नको झालेल्याला दारातूनच परत पाठवी. कामगारविषयक व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. भरतीचे आणि काढून टाकण्याचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत आणि गिरण्यांनी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. त्यामागचा विचार साधा होता: जिथे लेखी नोंद नसते, तिथे मधल्या माणसाची ओळख हेच चलन होते. आज जॉबरची जागा फोनवरच्या मित्राने घेतली आहे. तो दस्तुरी घेत नाही, एवढा फरक मी मान्य करतो.

ही कुजबुज संघटित झाली तर काय होते, ते ब्रिटनमध्ये २००९ साली उघड झाले. तिथल्या माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने ‘कन्सल्टिंग असोसिएशन’ नावाच्या संस्थेवर धाड घातली, तेव्हा ३,२१३ बांधकाम कामगारांची यादी सापडली. चाळीसहून अधिक बांधकाम कंपन्या पैसे भरून ही यादी वापरत होत्या. कामावर घेण्यापूर्वी फोन करायचा, नाव सांगायचे, नोंद आहे का विचारायचे. कोणी युनियनचे काम केले होते, कोणी कामाच्या जागी सुरक्षेची साधने नाहीत अशी तक्रार केली होती. वर्षानुवर्षे काम का मिळत नाही, हे त्या माणसांना कळत नव्हते. २०१६ मध्ये कंपन्यांनी न्यायालयात माफी मागितली आणि भरपाई दिली. मालकाचा शेरा कामगाराच्या पायातली बेडी होतो, अशी भीती पूर्वपक्षाने घातली होती. ती भीती खरी आहे, पण ही काळी यादी कामगाराच्या हातात दिलेल्या दाखल्यांतून तयार झाली नव्हती. त्याला न दाखवलेल्या नोंदींतून ती झाली होती. फ्रान्समधल्या पुस्तिकेचा दोषही हाच होता, की ती कामगाराच्या नावाची असून मालकाच्या कपाटात राही.

लिहिणे आणि लपवणे यांतला हा फरक आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फार स्पष्टपणे ओळखला आहे. सीमा रस्ते संघटनेतल्या देव दत्त या कार्यकारी अभियंत्याच्या गोपनीय अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीसाठी ‘फार चांगला’ हवा होता. शेरा प्रतिकूल नाही म्हणून तो त्यांना कळवलाही नव्हता, आणि त्याच शेऱ्यामुळे त्यांची बढती गेली. १२ मे २००८ च्या निकालात न्यायालयाने सांगितले, की शेरा वाईट असो, बरा असो की उत्तम, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला तिच्याविरुद्ध आपले म्हणणे मांडता येईल. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हाच दृष्टिकोन कायम केला. हे निकाल सरकारी नोकरीपुरते आहेत, खासगी कंपन्यांना ते लागू नाहीत. तरी त्यांतला विचार माझ्या मुद्द्याच्या मुळाशी जातो. मत देणे अन्याय्य आहे असे न्यायालय म्हणाले नाही. ज्याच्याबद्दल मत आहे त्याच्यापासून ते लपवणे अन्याय्य आहे, असे ते म्हणाले.

अलीकडे आणखी एक ढाल पुढे केली जाते: २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. माणसाची माहिती आम्ही कशी द्यायची? पण ज्याची माहिती आहे तो माणूस स्वतःच ती द्या म्हणून विनवत असताना त्याच्याच संरक्षणाचा कायदा त्याच्याविरुद्ध वापरणे मला पटत नाही. संमतीने माहिती देण्याची सोय त्या कायद्यात आहेच, आणि आपल्याबद्दलची माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्कही आहे.

एक विसंगती तर डोळ्यांत खुपते. ज्या कंपन्या मत देत नाहीत, त्याच कंपन्या नव्या उमेदवाराकडून दोन संदर्भ मागतात. मागताना हात पसरायचा आणि देताना मूठ आवळायची, हे धोरण सगळ्यांनीच पाळले तर मागण्याला अर्थ उरत नाही. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून दाखवले होते, की घेणाऱ्याला चांगले आणि वाईट वेगळे ओळखता येत नसले, तर तो सगळ्यालाच मध्यम किंमत देतो आणि नुकसान चांगल्याचे होते. आमच्याकडच्या चांगल्या माणसाला बाहेर चांगली किंमत मिळू नये, असे कोणतीही कंपनी उघडपणे म्हणणार नाही. तिचे मौन तेच घडवून आणते.

आणि हे मौनही सर्वांच्या वाट्याला येत नाही. मुंबई-पुण्याच्या मोठ्या सोसायट्यांत प्रवेशद्वारावरच्या अ‍ॅपमध्ये घरकामाला येणाऱ्या बायकांना रहिवासी तारे देतात. बाई उशिरा येते, रजा फार घेते, असे शेरे पुढचे घर काम देण्यापूर्वी वाचते. त्या बाईला तो शेरा कोणी वाचून दाखवत नाही, खोडून काढण्याची सोय तर दूरच. शेरा देणाऱ्यांत असेही असतात, जे कार्यालयात माजी कर्मचाऱ्याबद्दल एक शब्द बोलणे धोक्याचे मानतात. पगार जितका कमी, तितके माणसाबद्दल बेधडक बोलावे आणि पगार जितका जास्त, तितके जपून, अशी ही व्यवस्था झाली आहे. धोरणाचे समर्थक न्यायाबद्दल कळकळीने बोलतात. त्यांनी या टोकाकडेही पाहावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

मग करायचे काय? दुसरा रस्ता अस्तित्वात आहे. जर्मनीत नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला लेखी प्रमाणपत्राचा हक्क आहे. तो नागरी संहितेत १९०० पासून होता, आता तो व्यवसाय संहितेच्या १०९ व्या कलमात आहे. कामगाराने मागितले तर त्यात तारखांबरोबर कामाचे स्वरूप, कामगिरी आणि वागणूक लिहावी लागते. प्रमाणपत्र सत्य असावे आणि सहृदयही असावे, असे तिथली न्यायालये सांगत आली आहेत. प्रमाणपत्र कामगाराच्या हातात पडते, तो ते वाचतो, पटले नाही तर कामगार न्यायालयात जातो. स्वित्झर्लंडमध्येही असाच हक्क आहे. तिकडे नोकरीसाठी गेलेल्या आपल्या अभियंत्यांना हे जुन्या भारतीय कंपनीचे सविस्तर प्रमाणपत्र मागितले गेल्यावर कळते. त्यांच्याजवळ तेव्हा तारखांचा एक कागद असतो.

जर्मन पद्धतीत दोष नाहीत असे मी म्हणत नाही. दाव्याच्या भीतीने तिथे स्तुतीची एक गुप्त भाषा तयार झाली. काम ‘सदैव आमच्या पूर्ण समाधानाचे’ म्हटले की उत्तम, नुसते ‘समाधानाचे’ म्हटले की जेमतेम, आणि ‘त्यांनी प्रयत्न केला’ म्हटले की नापास. कायद्याने अशा छुप्या खुणांना बंदी केली आहे, तरी त्या पुरत्या गेलेल्या नाहीत. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात असे अभ्यास मांडले गेले, की तपासलेल्या प्रमाणपत्रांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांत ‘चांगला’ किंवा ‘फार चांगला’ हाच शेरा होता. पूर्वपक्षाचा चौथा मुद्दा, सगळे सगळ्यांची स्तुती करतात हा, इथे बळकट होतो. माझे उत्तर असे, की दोष शेऱ्यात आहे, वर्णनात नाही. विशेषणे फुगतात. ‘तीन वर्षे कल्याण आगारातल्या सुट्या भागांच्या खरेदीचा हिशेब यांच्याकडे होता आणि त्या काळात लेखापरीक्षणात आक्षेप निघाला नाही’ हे वाक्य फुगवता येत नाही. ते खरे असते किंवा खोटे असते. मला प्रमाणपत्रात असली वाक्ये हवी आहेत.

आपल्याकडे याचा एक धागा जुना आहे. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालच्या केंद्रीय नियमांतल्या नमुना स्थायी आदेशांनी प्रत्येक कायम कामगाराला सेवामुक्तीच्या वेळी सेवा प्रमाणपत्राचा हक्क दिला. निवृत्त होणाऱ्याला दिलाच, कामावरून कमी केलेल्याला दिला, आणि बडतर्फ झालेल्यालाही दिला. म्हणजे भांडून गेलेल्या माणसाचा कागद अडवता येणार नाही, हे तेव्हाच ठरले होते. तरीही नोटीस कालावधीच्या वादात रिलीव्हिंग लेटर दाबून ठेवणे आज सर्रास चालते. तो हक्क कामगारापुरता होता. कार्यालयातला व्यवस्थापक त्या व्याख्येत बसत नव्हता. आणि प्रमाणपत्रात काय असावे, हेही सांगितले नव्हते. हा कायदा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सामावला गेला आहे. तिच्याखालच्या नमुन्यांत आणि नियमांत या दोन फटी बुजवणे अवघड नाही: हक्क हुद्द्यावर अवलंबून नसावा, आणि कागदावर कामाचे स्वरूप व जबाबदाऱ्या असाव्यात.

पण कायद्याची वाट पाहण्याचीही गरज नाही. माणूस नोकरी सोडतो तेव्हा ‘नो ड्यूज’पासून ‘फुल अँड फायनल’पर्यंत सोपस्कार असतातच. त्याच आठवड्यात त्याच्या थेट वरिष्ठाने एक पानभर वस्तुस्थिती लिहावी. ते पान त्याला दाखवावे, तो जे खोडून काढील त्यावर बोलावे, आणि दोघांच्या सह्या घेऊन त्याची प्रत त्याला द्यावी. पुढे कोणी विचारले तर हेच पान पाठवावे, त्याच्या बाहेर फोनवर काही बोलू नये. ज्याने मजकूर स्वतः वाचून मान्य केला त्याला बदनामीचा दावा लावायला फारशी जागा राहत नाही, त्यामुळे वकिलांची मूळ भीतीही इथे जवळजवळ संपते. लहान उद्योजकाला कोर्टाची पायरी चढणेच परवडत नाही, जिंकला तरी, हे मला मान्य आहे. त्याच्यासाठी तर हा मार्ग सर्वांत सुरक्षित.

आणि ज्याने खरोखर गैरवर्तन केले त्याचे काय? त्याची चौकशी झाली असेल, त्याला बाजू मांडू दिली असेल, आरोप सिद्ध झाला असेल, तर तेवढे नोंदवावे. चौकशी झाली नसेल, नुसता संशय असेल, तर तो लिहू नये आणि मित्राला सांगूही नये. सध्याच्या पद्धतीत नेमके उलटे चालते: सिद्ध झालेले लिहिले जात नाही आणि संशय मात्र फोनवरून फिरतो.

शेवटी ज्या कंपनीला विचारायचे ती शिल्लक असेल, हेही आपण उगाच गृहीत धरतो. स्टार्टअप बंद पडतात, कारखाने विकले जातात, विलीनीकरणात जुन्या नोंदी हरवतात, एचआरचा ईमेल पत्ताच चालेनासा होतो. दहा वर्षे तिथे राबलेला माणूस मग कोणाकडे दाखला मागणार? तारखा भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातून निघतील. त्याने त्या दहा वर्षांत काय केले, हे त्याच्या वरिष्ठाने सोडताना त्याच्या हातात दिलेल्या पानावर असेल, तर ते त्याच्याजवळ राहील.